रोहिणी-क्लथन, विषाणुजन्य
विषाणुसंसर्गाच्या काळात किंवा त्यानंतर रोहिणीत (धमनीत) रक्ताची गुठळी होऊन पुढील भागाचा रक्तपुरवठा खंडित होणे. रूडोल्फ फिरखो यांच्या नावाने ओळखली जाणारी गुठळीची तीन कारणे म्हणजे वाहिनीच्या अस्तराची इजा, मंदावलेला प्रवाह आणि रक्ताची वाढलेली क्लथनक्षमता. कोविड-१९ मध्ये ही तिन्ही एकत्र येऊ शकतात. दाहामुळे अंतःस्तर दुखावतो, बिंबिका (प्लेटलेट) उत्तेजित होतात व फायब्रिनोजेन हे क्लथनातील प्रथिन वाढते. नीलांतील गुठळ्यांच्या तुलनेत रोहिणीतील गुठळ्या कमी आढळतात. मात्र त्यांतून हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हातापायाचा कोथ उद्भवतो. इन्फ्ल्यूएंझाच्या निदानानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट आढळल्याचे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवले. कांजिण्यांच्या विषाणूमुळे मेंदूच्या रोहिण्यांचा दाह होऊन लहान मुलांतही पक्षाघात संभवतो.

पाय किंवा हात अचानक दुखणे, पांढरा व गार पडणे, बधिर होणे आणि नाडी न लागणे ही अवयवातील अडथळ्याची लक्षणे होत. निदान डॉप्लर तपासणी व सीटी रोहिणीचित्रणाने होते. हेपारीन हे क्लथनरोधक औषध देतात, गरजेनुसार गुठळी शस्त्रक्रियेने काढतात किंवा औषधाने विरघळवतात. पुरवठा पूर्ण तुटल्यास साधारण ६ तासांत स्नायूंची हानी कायमची होऊ शकते, म्हणून विलंब घातक ठरतो.