मतपेट्यांतला नाताळ

ब्रिटनमध्ये १९१८ ची सार्वत्रिक निवडणूक १४ डिसेंबरला झाली. मतमोजणी मात्र २८ डिसेंबरला. परदेशी असलेल्या सैनिकांची मते पोहोचावीत म्हणून हा अवधी ठेवला होता. महायुद्ध थांबल्यानंतरचा पहिला नाताळ असा मोहोरबंद मतपेट्यांच्या साक्षीने साजरा झाला. लॉइड जॉर्ज यांनी वीरांना शोभतील अशी घरे देऊ केली होती. तिशी गाठलेल्या लाखो स्त्रियांनी (सरसकट नव्हे, मालमत्तेची अट होतीच) प्रथमच मत दिले होते. नव्या वर्षाविषयी प्रत्येकाने आपापली आशा बाळगावी आणि ती खोटी ठरवणारा आकडा अजून कुणाच्याच हाती नसावा, असे दोन आठवडे राजकारणात विरळाच!

पेट्या उघडल्या. लॉइड जॉर्ज यांच्या आघाडीला प्रचंड बहुमत मिळाले. माजी पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ स्वतःच्याच मतदारसंघात पडले. निवडून आलेली पहिली स्त्री, कॉन्स्टन्स मार्किएविच, तेव्हा लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होती. घरांचा कायदा १९१९ मध्ये झाला खरा. १९२१ मध्ये सरकारने त्यावरचा खर्च आखडता घेतला. आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकणाऱ्या शिन फेनच्या सदस्यांनी, मार्किएविच यांच्यासह, वेस्टमिन्स्टरकडे पाठ फिरवली. त्यांच्या मतदारांची आशा निराळ्याच सभागृहाची होती. ते २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनला भरले.