पिवळ्या दिव्याचं कूळ

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की माणूस इंजिनाच्या काळजीत पडतो. हा दिवा मात्र हवेच्या काळजीपोटी जन्माला आला. लॉस एंजेलिसमध्ये डोळे चुरचुरवणारं धुरकं गाड्यांच्या धुरातून तयार होतं, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. पुढं कॅलिफोर्नियानं धुरावर मर्यादा घातल्या. त्या पाळायला गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आणि संगणक आले. त्यातलं काही बिघडलं तर मालकाला कळावं म्हणून १९८८च्या मॉडेलांपासून तिथं हा दिवा सक्तीचा झाला.

घरच्या घरी निदान करणं त्याआधीचं. जनरल मोटर्सच्या तेव्हाच्या गाड्यांत निदानाच्या सॉकेटमधली दोन टोकं तारेनं जोडली की दिवा उघडझाप करायचा. एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे कोड १२. पण प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी होती. १९९६च्या मॉडेलांपासून अमेरिकेत सगळ्यांना १६ पिनांचं एकच सॉकेट बंधनकारक झालं.

आपल्याकडे बीएस-४ हे धुराचे नियम आणि त्यांसोबत गाडीतलं असं निदान आलं २०१० मध्ये, तेही १३ शहरांपुरतं. त्यात पुणे, सोलापूर, बेंगळूरु होती, बेळगाव नव्हतं. देशभर लागू व्हायला २०१७ उजाडलं.

आता बेळगावजवळच्या हिंडलग्यात, वेंगुर्ला रोडच्या कडेला गाडी लावून स्टिअरिंगखाली हात घातला, की तेच सॉकेट बोटांना लागतं. ब्लूटूथचा स्कॅनर खोचून चावी फिरवायची. मोबाईलवर समजा पी०४२० उमटलं, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर नीट साफ करत नाही असा गाडीचा संशय आहे. संशयच, निकाल नव्हे. नेहमीच्या ऑक्सिजन सेन्सरांत कन्व्हर्टरच्या आधी असलेला पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो, मागचा जवळपास स्थिर राहायला हवा. मागचाही तसाच नाचू लागला तर कन्व्हर्टर बहुधा थकलाय. नाहीतर आधी सेन्सर आणि गळका पाइप बघावा.

'मेस्त्री, तेवढा कोड उडवा' म्हणणारे पुष्कळ. कोड उडवला की दिवा विझतो, पण बिघाड तिथंच राहतो. शिवाय बिघाड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान काय होतं ती नोंदही जाते. मेस्त्रीला खरा उपयोग त्या नोंदीचा. म्हणून आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवावा.

आणि दिवा लुकलुकायला लागला तर पुढं रेटू नये. इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. गाडी बाजूला घेऊन बंद करावी आणि मेस्त्रीलाच तिथं बोलवावं.