पिवळा खडू कुठून येतो

साल 1981. अमेरिकेतलं पिट्सबर्ग. तुम्ही पाच वर्षांचे आहात आणि गालिच्यावर पालथे पडून टीव्हीकडे बघताय. कोपरं लाल झालीत, तरी उठायचं नाही. 'मिस्टर रॉजर्स नेबरहूड' हा मुलांचा कार्यक्रम सुरू होतोय.

फ्रेड रॉजर्स दारातून आत येतात. कोट कपाटात टांगतात, चेनवालं स्वेटर चढवतात. त्यांची ही स्वेटरं आईने विणलेली. मग बसून बूट बदलतात. कसलीच घाई नाही. जॉनी कोस्टांचा पियानो त्यांच्या चालीने वाजतोय. हे सगळं तुमच्याच शहरात, डब्ल्यूक्यूईडी टीव्ही केंद्रात तयार होतं, हे तुम्हाला ठाऊकही नाही. तुमच्या लेखी रॉजर्स शेजारच्याच घरात राहतात.

आज भिंतीवरच्या चौकटीत फिल्म दिसणार आहे: मेणाचे खडू कसे बनतात. कारखाना याच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ईस्टन गावचा, क्रेयोला खडूंचा.

तुमच्या हाताशी त्याच खडूंचा डबा आहे. पिवळा निम्मा झिजलाय, कागद सोललाय. इतके सूर्य काढून झालेत. आता पडद्यावर पिवळाच रंग येतो. वितळलेल्या मेणात रंगाची पूड मिसळते. एक कामगार बादली कलती करतो आणि दाट मेण साच्यावर पसरतं, एकेक भोक भरत जातं. थंड पाण्याने साचा गार होतो, मेण थिजतं. वरचा जास्तीचा थर खरवडून काढतात आणि साच्यातून खडूच खडू वर येतात, सगळे एकदम! तुमचा आ वासलेलाच राहतो.

पुढे कोणीतरी मोडके खडू निवडून बाजूला काढतं. ते पुन्हा वितळवले जातात, वाया काही जात नाही. चांगल्या खडूंवर कागद गुंडाळला जातो, आणि प्रत्येक रंगातला एकेक खडू डब्यात जाऊन बसतो. रॉजर्स शेजारी बसून दाखवावं तसं हळूहळू सांगताहेत. त्यांनाही नवल वाटतंय, हे आवाजातून कळतं.

तुमच्या शहरातले कितीतरी बाबा पोलादाच्या कारखान्यात जातात. फाटकाच्या आत काय चालतं, ते मुलांना कधी दिसत नाही. या फिल्मने एक फाटक तुमच्यासाठी उघडलं. आत यंत्रं होती, पण तुमची नजर खिळली ती माणसांच्या हातांवर. आपला खडू कुणाच्या तरी हातांनी घडवलाय, हे तुम्हाला न शिकवता उमगलं. त्या पिढीला ही फिल्म अजून आठवते ती यासाठीच.

1996 मध्ये रॉजर्स स्वतः ईस्टनला गेले आणि क्रेयोलाचा 100 अब्जावा खडू त्यांच्याच हातून ओतला गेला. तो मान त्यांचाच होता.

आता परत या, आपल्या वयात. ती फिल्म आजही पाहायला मिळते. घरातल्या मुलांना शेजारी घेऊन बघा. संपली की लगेच दुसरं काही लावू नका. त्यांना विचारू द्या: चमचा कोण बनवतं, चप्पल कोण शिवतं, वही कुठून येते? उत्तर येत नसेल तर त्यांना घेऊन बनवणाऱ्याच्या दारी जा.