इसब आणि रोगप्रतिकारक ग्राहींतील जनुकीय भेद

इसब : त्वचेचा चिवट, खाज सुटणारा दाह. कातडी लाल होते, बारीक फोड येऊन लस पाझरते, खपली धरते. इसब जुना झाला की कातडी जाड आणि काळपट होते. एकापासून दुसऱ्याला तो होत नाही. गजकर्ण हा बुरशीचा रोग वेगळा, आणि इसबाचे स्टेरॉइडयुक्त मलम त्यावर लावले तर तो पसरतो.

सातारा-सांगली भागात इसबाचा विचार गाजरगवत वगळून करता येत नाही. चटकचांदणी किंवा काँग्रेस गवत म्हणतात तेच हे. मूळ अमेरिका खंडातले हे तण १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि आज कृष्णाकाठच्या बांधांवर, पडीक रानांत, रस्त्याकडेला सर्वत्र आहे. एक झाड हजारोंनी बी टाकते. पानाफुलांवरच्या सूक्ष्म लवेत पार्थेनिन हे रसायन असते आणि वाळलेल्या झाडाची धूळ हवेतून ते अंगावर आणते. म्हणून हा इसब पापण्यांवर, कानामागे, हनुवटीखाली, मानेवर आणि कोपराच्या खळगीत दिसतो. केवळ उन्हाने होणाऱ्या दाहात मात्र कानामागची, हनुवटीखालची सावलीतली कातडी बहुधा सुटते. तपासताना डॉक्टर म्हणूनच कान पुढे वळवून पाहतात. निदानाची खात्री पाठीवर लावलेल्या पट्टीच्या चाचणीने होते.

पण एकाच बांधावर खुरपणाऱ्या दोघींपैकी एकीलाच हा त्रास का होतो? पार्थेनिनचा रेणू फार लहान. तो त्वचेतल्या प्रथिनाला चिकटतो, रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पहारेकरी पेशी ते प्रथिन आपल्या पृष्ठभागावरच्या एचएलए रेणूंवर मांडतात आणि टी-पेशी या पांढऱ्या पेशींवरचे ग्राही, म्हणजे संकेत ओळखणारी प्रथिने, ते ओळखतात. एकदा ओळख झाली की पुढच्या प्रत्येक संपर्कानंतर एक-दोन दिवसांत दाह उसळतो. सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुके माणसामाणसांत कमालीची वेगळी असतात. एखादे रसायन कोणाच्या शरीराला शत्रू वाटेल, यात या भेदाचा वाटा असू शकतो. संपर्क किती आणि किती काळ, हेही तितकेच महत्त्वाचे.

लहानपणापासूनच्या, दमा-सर्दीच्या घराण्यांत आढळणाऱ्या इसबात आणखी काही ग्राही येतात. इंटरल्यूकिन-४ या अॅलर्जीचा संदेश नेणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहीचे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे. त्यातील काही बदलांनी अॅलर्जीचा संदेश जोरात जातो, असे दिसले आहे. डुपिलुमॅब हे औषध नेमका हाच ग्राही अडवते. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. इसबाच्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सहज ठाण मांडतो. त्याला ओळखणाऱ्या टीएलआर-२ या ग्राहीतील एका बदलाचा तीव्र इसबाशी संबंध जर्मन रुग्णांत दिसला, पण इतर अभ्यासांत तो सर्वत्र टिकला नाही. नैसर्गिक मारक पेशींवरच्या केआयआर ग्राहींची जनुके एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहेत; या ग्राहींचे काम एचएलएशी जोडीने चालते आणि त्यांचाही इसबाशी संबंध अभ्यासला जात आहे.

तुलनेने सर्वांत भक्कम पुरावा मात्र ग्राहीचा नाही, तर त्वचेचा बांध राखणाऱ्या फिलॅग्रिन प्रथिनाचा आहे. त्याच्या जनुकातील दोष लहानपणापासूनच्या इसबाचा धोका वाढवतात, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांच्या गटाने दाखवले. युरोपात वारंवार आढळणारे दोष आशियात विरळ आहेत. इथे वेगळे दोष सापडतात. त्यामुळे युरोपातील रुग्णांचे आकडे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला जसेच्या तसे लावणे चूक आहे, आणि उपचार ठरवण्यासाठी ग्राहींची जनुकचाचणी करून घेण्याची गरज आज तरी नाही. इथल्या रुग्णांचा जनुकीय अभ्यास करताना त्यांच्या रानाची आणि कामाची नोंदही घ्यायला हवी.

ज्यांच्या घरात इसब किंवा दमा आहे, त्यांनी गाजरगवत हाताने उपटू नये. इतरांनी हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून, ते फुलावर येण्याआधी मुळासकट काढावे.