फेरबदल केलेला सायलेन्सर

वाहनाचा मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा दुसरा बसवणे, मूळ सायलेन्सर कापून आतले पडदे काढून टाकणे किंवा धूर सायलेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर सोडणे, या प्रकारांना बोलीत ‘मॉडिफाय सायलेन्सर’ म्हणतात. भारतात असे वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणणाऱ्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांखाली कारवाई होऊ शकते. बुलेटच्या ‘फटाक्यां’मुळे हा विषय दुचाकीपुरता समजला जातो. प्रत्यक्षात मोटारींनाही तीच कलमे लागू आहेत.

इंजिनातून जळालेले वायू प्रत्येक आवर्तनाला झटक्याने बाहेर पडतात आणि त्यातून आवाज निर्माण होतो. सायलेन्सरमधील प्रसरण कोठ्या, छिद्रे पाडलेल्या नळ्या आणि आडवे पडदे या ध्वनिलहरींना एकमेकींवर आदळवून क्षीण करतात. काही सायलेन्सरांत काचलोकर भरलेली असते व ती आवाज शोषून घेते. पेट्रोल मोटारीत इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो. त्याचे काम विषारी वायूंचे प्रमाण घटवण्याचे. आवाज थोडा कमी होतो तो ओघाने. ‘स्ट्रेट पाइप’ करताना सायलेन्सर आणि बहुधा कन्व्हर्टर दोन्ही काढले जातात, तेव्हा आवाजाबरोबर प्रदूषणाचाही नियम मोडतो. फटाक्यांचे तंत्र वेगळे आहे. ठिणगी क्षणभर बंद केली की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत जाते आणि तिथे पेटते. दुचाकीवर त्यासाठी बटण बसवतात, मोटारीत इंजिनाच्या संगणकाची आज्ञावली बदलतात. यात सायलेन्सरला हातही लावावा लागत नाही, पण कानाला फरक पडत नाही.

कायद्याने हा प्रश्न दोन बाजूंनी हाताळला आहे: एक फेरबदलाची, दुसरी आवाजाची. या दोहोंची गल्लत झाल्यानेच ‘आवाज मोठा नाही, मग गुन्हा कसला’ असा वाद रस्त्यात घातला जातो.

फेरबदलाची बाजू अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. त्याच्या स्पष्टीकरणात ‘फेरबदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्याने त्याचे मूळ स्वरूप बदलते, अशी व्याख्या आहे. सायलेन्सरचा उल्लेख आरसी बुकात नसतो, त्यामुळे तो बदलणे या व्याख्येत बसत नाही असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच पोकळ नाही, पण फार दूरही नेत नाही. प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या खटल्यात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलाला मनाई असल्याचे सांगितले आणि केरळ उच्च न्यायालयाचा शिथिल अर्थ रद्द केला. शिवाय कलम ५२ बाजूला ठेवले तरी आवाजाचे नियम उरतातच.

आवाजाची बाजू नियम १२० मध्ये येते. ट्रॅक्टरसह प्रत्येक मोटार वाहनाला आवाज शक्य तितका घटवणारा सायलेन्सर हवा, आणि वाहन पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील ध्वनिमानकांत बसेल असे बनवलेले व तसेच राखलेले हवे, असे तो नियम म्हणतो. ‘राखलेले’ या शब्दाने जबाबदारी कारखान्याच्या दारात संपत नाही, ती मालकावर येते. मानकांनुसार चालकासह नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीला ७४ डेसिबल ही मर्यादा १ एप्रिल २००५ पासून आहे. दुचाकींसाठी ८० सीसीपर्यंत ७५, त्यापुढे १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ८० डेसिबल अशा पायऱ्या आहेत. डेसिबलचे माप सरळ चढत नाही: ३ डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा जवळपास दुप्पट, १० डेसिबलची म्हणजे दसपट.

हे आकडे चाचणीच्या पट्टीवरचे आहेत. वाहन ठरलेल्या वेगाने येते, मायक्रोफोनच्या १० मीटर अलीकडे पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला जातो आणि १० मीटर पलीकडे सोडला जातो. मायक्रोफोन मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर, १.२ मीटर उंचीवर असतो. आजूबाजूला भिंत किंवा झाडी चालत नाही, कारण परावर्तित आवाजाने मोजणी बिघडते. नव्या मॉडेलला मान्यता देणाऱ्या नियम १२६ मधील संस्थांत पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या महाराष्ट्रातील दोन संस्था आहेत. लक्ष्मी रोडवर किंवा दादरच्या सिग्नलला अशी चाचणी घेणे अर्थातच अशक्य. त्यामुळे नाक्यावर पोलीस डेसिबलपेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबतात: मूळ सायलेन्सर आहे की नाही, आतले पडदे शाबूत आहेत की नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. तिथे उभ्या मोटारीच्या नळीजवळ मोजणी करतात आणि सामान्य मोटारीला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. हा आकडा भारतातील ७४ च्या शेजारी ठेवून तुलना करणे चूक ठरेल. अंतरच वेगळे आहे.

आणखी एक आकडा उगाच या चर्चेत येतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० अशा मर्यादा आहेत. त्या परिसराच्या सरासरी पातळीच्या आहेत, एका वाहनाच्या नव्हेत.

शिक्षेची कलमे २०१९ च्या दुरुस्तीने कडक झाली. कलम १९०(२) प्रमाणे आवाज किंवा हवाप्रदूषणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणाऱ्यास वा चालवू देणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स धारण करण्यास अपात्रता, अशी तरतूद आहे. दुसऱ्यांदा कैद सहा महिन्यांपर्यंत जाते. कलम १८२अ(४) मालकासाठी आहे: नियमबाह्य फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. धूर सायलेन्सरला टाळून सोडणाऱ्या ‘कट-आउट’चा कलम १९४फ मध्ये स्पष्ट उल्लेख आहे, त्याला पहिल्या वेळी एक हजार व पुढे दोन हजार रुपये दंड होतो. वाहन नियमांनुसार नसेल तर नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार कलम ५३ देते. कलम २०० खाली अनेक गुन्हे राज्याने ठरवलेली तडजोडीची रक्कम भरून मिटतात, त्यामुळे हाती पडणाऱ्या ई-चलानावरचा आकडा कायद्यातील कमाल दंडापेक्षा बराच लहान असू शकतो.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रातील शहरांतही वाहतूक पोलीस वेळोवेळी मोहिमा काढतात आणि जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले जातात. हे दृश्य छायाचित्रकारांच्या सोयीचे असते. कारवाईचा भार मात्र वाहनचालकावर पडतो आणि सायलेन्सर विकणारा व बसवणारा बहुधा सुटतो, ही या अंमलबजावणीची मोठी उणीव होय.

पीयूसी प्रमाणपत्राने या बाबतीत बचाव होत नाही. त्या तपासणीत पेट्रोल वाहनाचे विषारी वायू आणि डिझेल वाहनाच्या धुराची घनता पाहतात. आवाज मोजला जात नाही. याउलट कारखान्यातूनच झडपेचा सायलेन्सर घेऊन आलेली, मान्यताप्राप्त स्पोर्ट्‌स कार कानाला मोठी वाटली तरी मूळ स्थितीत असेपर्यंत कायदेशीर असते. विमा कंपनीला न कळवता केलेला फेरबदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होऊ शकतो.

शर्यतीच्या मोटारी सहसा नोंदणीकृत नसतात, त्यामुळे त्यांना ट्रेलरवर चढवून बंदिस्त ट्रॅकवर नेतात. नोंदणीकृत मोटारीला शर्यतीचा सायलेन्सर लावून ती ट्रॅकपर्यंत रस्त्याने चालवत नेली, तर वाटेत वरील सर्व तरतुदी तिला लागू होतात.