थोरांची घरे : सिंदखेडराजा, जांब आणि आणखी काही

थोर व्यक्तीचे घर पाहायला जाणारा माणूस नेमके काय पाहायला जातो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भिंती, दरवाजे, विहीर, अंगण या गोष्टी कुठल्याही जुन्या गावात सापडतात. तरीही 'येथे अमुक जन्मले' ही पाटी दिसली की पायातल्या चपला आपोआप निघतात आणि आवाज खाली येतो. घर हा इतिहासाचा पुरावा असतो. पण चपला काढल्या की पुराव्याची उलटतपासणी थांबते. साहित्याच्या अभ्यासकाला ही अवस्था अपरिचित नाही. संहिता वंदनीय झाली की तिचे वाचन थांबते, हे आपण वर्गात रोज पाहतो.

बदनापूरसारख्या गावातून हा प्रश्न विचारण्याला एक भौगोलिक कारणही आहे. जालना ओलांडून मेहकरच्या रस्त्याला लागले की तास-दीड तासात सिंदखेडराजा येते. आणि आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, समर्थ रामदासांचे जांब आहे. एक राजमातेचे माहेर, दुसरे संतकवीचे जन्मगाव. जांबविषयी थोडक्यातच सांगतो. १६०८ साली जन्मलेल्या नारायण ठोसरांचे घर आज घर म्हणून उरलेले नाही. ते मंदिर झाले आहे. २०२२ साली तेथील राममंदिरातील मूर्ती चोरीस गेल्या आणि पुढे परत मिळाल्या, तेव्हा सारी हळहळ देवांसाठी होती, आणि ती स्वाभाविकच होती. परंतु लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेला मुलगा ज्या घरातून गेला, त्या घराचे मागे काय झाले असेल, हा प्रश्न मंदिरात सुचत नाही. देव्हाऱ्याला माजघर नसते.

सिंदखेडराजाचे तसे नाही. तेथे वाडा अजून वाडा आहे. लखुजीराव जाधवांच्या त्या भुईकोट राजवाड्याचा भव्य दरवाजा रस्त्यावरूनच दिसतो. गावात रंगमहाल आहे, काळा कोट आहे, सावकार वाडा आहे, मोती तलाव आणि चांदणी तलाव आहेत, मूर्तींनी भरलेली पुतळा बारव आहे. आमच्या मते या गावाचे खरे वैभव पाण्यात आहे. दुष्काळी मुलखात सत्ता म्हणजे काय, हे तलावाच्या बांधावर उभे राहिल्यावर जितके कळते तितके दरवाज्याच्या उंचीवरून कळत नाही. पण बहुतेक लोक दरवाज्यापाशी छायाचित्र काढून परततात. असो.

दर वर्षी १२ जानेवारीला येथे जिजाऊ जन्मोत्सवासाठी लाखो माणसे लोटतात. १५९८ हे जन्मवर्ष, ही जन्माची खोली, हा रंगमहाल आणि येथेच रंगपंचमीच्या दिवशी थट्टेत ठरलेली सोयरीक, अशी कथा सांगितली जाते. ही कथा बखरींची आहे आणि ती बखरींच्या ढंगानेच वाचली पाहिजे. तीत शहाजी आणि जिजा ही मुले आहेत, मोठ्यांचे मानापमान आहेत आणि एका वाक्याने जुळलेले भवितव्य आहे. नाट्य मोठे बेताचे साधले आहे. त्यामुळेच ती टिकली.

परंतु या वाड्याची दुसरी एक कथा आहे आणि तिला रंग नाहीत. १६२९ च्या जुलै महिन्यात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही दरबारात हत्या झाली. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. दोन तारखा शेजारी ठेवल्या की हिशेब आपोआप होतो : माहेर संपले तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. जाधव-भोसले वैरामुळे ते माहेर आधीच दुरावले होते. जन्माची खोली दाखवणारा वाडा खरे म्हणजे परत न येण्याचा वाडा आहे. गावातली लखुजीरावांची भव्य समाधी पाहिल्यावरच हे जाणवते. आणि २०२४ साली त्या परिसरात झालेल्या उत्खननात शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाल्यामुळे समाधीकडे काही काळ तरी लोकांचे लक्ष वळले. जन्मस्थळ म्हणून पाहिलेले घर आणि शोकस्थळ म्हणून पाहिलेले घर ही दोन निराळी घरे आहेत. विद्यार्थ्यांनी दोन्ही पाहावीत, एवढाच आमचा आग्रह असतो.

येथे अमेरिकेची आठवण होते. तेथील पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे घर मोडकळीस आले असता ना सरकारने घेतले ना राज्याने. अ‍ॅन पामेला कनिंगहॅम या बाईंनी उभारलेल्या महिलांच्या संस्थेने १८५८ साली दोन लाख डॉलरना त्याचा सौदा केला. पुरुषाचे घर बायकांनी राखले. आमच्याकडे मात्र पुरुषाचा वाडा लेकीच्या नावाने ओळखला जातो. जेफरसन यांच्या माँटिचेलोची गोष्ट याहून बोलकी आहे. सर्व माणसे समान असल्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. कित्येक दशके पाहुण्यांना घुमट आणि ग्रंथालय दाखवले जाई. पुढे गुलामांच्या वंशजांनी आणि अभ्यासकांनी प्रश्न लावून धरले, आणि २०१८ साली सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीचे आयुष्य सांगणारे दालन त्याच घरात उघडले. घर तेच होते; वाचन बदलले.

'आपल्याकडे तसले काही नव्हते' असे यावर कुणी म्हणेल. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद आहेत, बटकींचे उल्लेख आहेत. आपल्या वाड्यांत पाणी कोणी भरले, दळण कोणी दळले, त्या तलावांच्या बांधावर दगड कोणी वाहिले, यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. त्यांच्याविषयी विचारणे हा वाड्याचा अपमान ठरत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला घराच्या आतूनच उत्तर देणारी एक वास्तू आहे, पुण्याच्या गंज पेठेतला फुले वाडा. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. माँटिचेलोच्या तळघरातली हकीकत पुण्याच्या पेठेत अशी पोचली होती. जोतीराव १८९० साली वारले. आपला देह मिठात पुरावा ही त्यांची इच्छा पालिकेने परवानगी नाकारल्यामुळे पुरी झाली नाही. अस्थी या अंगणात ठेवल्या गेल्या. वाडा आकाराने साधा आहे. सिंदखेडराजाचा दरवाजा पाहून आलेल्या विद्यार्थ्याला तो घरगुतीच वाटतो. पण पाहुण्याने येथे पाहायची गोष्ट म्हणजे पाण्याचा हौद. १८६८ साली जोतीरावांनी तो अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांनी एका माळ्याच्या घरात शिरून आपापली भांडी भरून न्यावीत, अशी ती व्यवस्था होती.