बदामाच्या पिठाचा बिनगोड पाव : मधुमेहाच्या आहारचिकित्सेतील एक दुर्लक्षित प्रकरण (इ.स. १७९७ ते १९२२)

प्रस्तावना :

गव्हाच्या पिठाऐवजी बदाम, अक्रोड किंवा हेझलनट यांसारख्या कवचफळांचे पीठ वापरून तयार केलेले अल्पकर्बोदकी व बिनगोड पाव, बिस्किटे आज बाजारात सर्रास मिळतात. हा प्रकार अलीकडच्या आहारविषयक चळवळीतून जन्माला आला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकात आहेत. इन्सुलिन उपलब्ध होण्यापूर्वी आहार हाच मधुमेहावरील मुख्य उपचार होता आणि युरोपीय आहाराचा पाया असलेला पाव हीच त्या उपचारातील सर्वांत मोठी अडचण होती. या अडचणीवर शोधलेल्या उपायांचा, विशेषतः बदामाच्या पावाचा, आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पथ्याची कठोरता व पावाचा प्रश्न :

ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सक जॉन रोलो यांनी इ.स. १७९७ मध्ये मधुमेहावर मांसप्रधान आहाराचा पुरस्कार केला. पुढे पिष्टमय पदार्थांचे शरीरात साखरेत रूपांतर होते हे स्पष्ट होत गेले, तसतसे पावावरील निर्बंध अधिक कडक झाले. परंतु पाव हा युरोपीय समाजात केवळ अन्नपदार्थ नव्हता. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या ताटात भाकरीला जे स्थान, तेच तेथे पावाला होते. परिणामी, अनेक रुग्ण चोरून पाव खात. नेपल्स येथील आर्नाल्दो कान्तानी यांनी तर पथ्यपालनासाठी रुग्णांना कुलूपबंद खोलीत ठेवण्यापर्यंत मजल गाठली. जे पथ्य पाळले जात नाही, ते शास्त्रीयदृष्ट्या कितीही अचूक असले तरी उपचार म्हणून निष्फळ ठरते, हा धडा वैद्यांना येथे मिळाला.

पर्यायी पावांचे प्रयोग :

पहिला महत्त्वाचा पर्याय फ्रान्समध्ये पुढे आला. आपोलिनेर बुशार्दा यांनी इ.स. १८४१ मध्ये ग्लुटेनच्या पावाची शिफारस केली. गव्हाची कणीक पाण्याखाली धुतली असता पिष्ट वाहून जाते आणि चिवट प्रथिन मागे उरते. या प्रथिनापासून हा पाव बनविला जाई. याच बुशार्दांनी पुढे पॅरिसच्या वेढ्यात (इ.स. १८७०-७१) अन्नटंचाईमुळे रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे निरीक्षण नोंदविले.

दुसरा पर्याय इंग्लंडमधील जॉन कॅम्प्लिन यांचा होता. ते स्वतः वैद्य तसेच मधुमेहाचे रुग्ण होते. गव्हाचा कोंडा धुऊन, वाळवून, बारीक दळून त्यात अंडी, लोणी व दूध घालून केलेल्या वड्यांची माहिती त्यांनी इ.स. १८५८ च्या ग्रंथात दिली. साधन स्वस्त होते. मात्र पोषणमूल्य अल्प होते.

तिसरा पर्याय बदामाचा होता. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील फ्रेडरिक विल्यम पेव्ही (१८२९-१९११) यांनी पॅरिस येथे क्लोद बर्नार यांच्याकडे संशोधनाचे शिक्षण घेतले होते. पुढे यकृतातील शर्करानिर्मितीविषयी त्यांचे गुरूंशी मतभेद झाले. इ.स. १८६२ च्या सुमारास त्यांनी पावाला पर्याय म्हणून बदामाच्या पदार्थांचा पुरस्कार केला. या निवडीमागे रासायनिक आधार होता. बदामात सुमारे निम्मा भाग स्निग्धांश व एक पंचमांश प्रथिने असतात, तर पिष्ट अत्यल्प असते. गव्हाच्या पिठात मात्र कर्बोदकांचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते.

योझेफ झेगेन यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली कृती या दृष्टीने उद्बोधक आहे. सोललेले पाव पौंड गोडे बदाम दगडी खलात कुटून, कापडी पिशवीत घालून, व्हिनेगर घातलेल्या उकळत्या पाण्यात सुमारे पाव तास ठेवावयाचे. त्यामुळे बदामातील मूळची साखर निघून जाते. नंतर त्यात लोणी, अंडी व थोडे मीठ मिसळून, फेटलेला पांढरा बलक घालून मिश्रण मंद आचेवर भाजावयाचे. बदामात ग्लुटेन नसल्यामुळे यीस्टने पीठ फुगत नाही. फुगवटा व बांधणी ही दोन्ही कामे अंड्यांना करावी लागतात. आजच्या अनेक पाककृतींतही हेच तत्त्व दिसून येते.

मर्यादा : किंमत, भेसळ व वैद्यकीय परिणाम :

बदाम महाग असल्याने हा पाव मुख्यतः सधन रुग्णांपुरता राहिला. दुसरी मर्यादा विश्वासार्हतेची होती. मधुमेहींसाठीच्या पिठांचा व्यापार वाढला, तशी फसवणूकही वाढली. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्राने इ.स. १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पृथक्करणांत, ग्लुटेनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पिठांत साध्या गव्हाच्या पिठाहून फारसे कमी नसलेले पिष्ट आढळले. वेष्टनावर विसंबणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही बाब प्राणावर बेतणारी होती.

तिसरी मर्यादा मूलभूत होती. प्रौढ वयातील सौम्य मधुमेहात अशा आहाराचा उपयोग होई. परंतु ज्या बालकांच्या शरीरात इन्सुलिनच तयार होत नव्हते, त्यांना कोणताही पाव वाचवू शकत नव्हता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. २३ जानेवारीपासून दिलेल्या अधिक शुद्ध अर्काने त्याच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा झाली. त्यानंतर पर्यायी पावांचे वैद्यकीय महत्त्व झपाट्याने ओसरले.

समारोप :

बदामाच्या पावाने मधुमेह बरा केला नाही, तसा दावा करणेही योग्य ठरणार नाही. तथापि, रुग्णाला कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर इतरांबरोबर बसता यावे, ही गरज त्याने मान्य केली. कुलूपबंद खोली आणि बदामाचा पाव ही एकाच पथ्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टींची प्रतीके होत. बुशार्दांचा पाव मुख्यतः ग्लुटेनचा होता, तर आज बदामाचे पीठ अनेकदा ग्लुटेनमुक्त म्हणून घेतले जाते. गरजा बदलल्या, तरी किंमत व वेष्टनावरील विश्वास हे एकोणिसाव्या शतकातील प्रश्न आजही कायम आहेत. आहारशास्त्राच्या अध्यापनात पोषणमूल्यांच्या तक्त्यांबरोबर या सामाजिक इतिहासाचाही समावेश होणे म्हणूनच आवश्यक ठरते.